गरजेल तो पडेल काय?

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द उच्चारला की आपल्या महाविद्यालयात दोन प्रकारचे चेहरे पाहावयास मिळतात. प्राध्यापकांच्या कपाळावर आठी पडते आणि मित्र विचारतात, “कोणता?” या दोन्ही वर्गांतील वाचकांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी माझी इच्छा आहे. म्हणून पहिल्या वर्गासाठी थोडे समजावून सांगावे लागेल. दुसऱ्या वर्गाने तेवढा वेळ धीर धरावा.

विषय असा. गेमच्या जगातील इमारती खेळणाऱ्याला खरोखर पाडता याव्यात, आणि त्या पडण्याचे गणित त्याच्या घरातील यंत्राने न करता दूर कोठेतरी असलेल्या ‘क्लाउड’ने करावे, असे एक वचन काही वर्षांपूर्वी एका बलाढ्य कंपनीने जगभरच्या खेळणाऱ्यांना दिले. पुष्कळ खेळणाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. ‘यांना सगळ्यातच खोट दिसते’ असे त्यांच्याविषयी बोलले गेले. माझे मत असे आहे की हे खोट काढणारे लोक बरोबर होते. आणि ते का बरोबर होते हे समजण्यासाठी विज्ञान शाखेचा विद्यार्थी असण्याची गरज नाही. मी द्वितीय वर्ष कला शाखेत आहे, हे यासाठी सांगतो की ‘तुम्हा आर्ट्सवाल्यांना यातले काय कळते?’ हा प्रश्न मला वसतिगृहात एकदा नव्हे, अनेकदा विचारण्यात आला आहे.

रंगमंचावरील घर आणि गेममधील घर यांत फारसा फरक नसतो. नेपथ्यकाराने कापडावर रंगवलेली भिंत जशी टेकण्यासाठी नसते, तशी गेममधील बहुतेक भिंत फुटण्यासाठी नसते. खेळणारा रणगाड्यातून गोळा डागतो, धुराचा लोट उठतो, कानठळ्या बसतात, आणि धूर विरल्यावर पाहावे तर भिंत जशीच्या तशी उभी! फार तर तिच्यावर एक काळा डाग. आम्ही हे लहानपणापासून इतके पाहिले आहे की त्याचे नवलही वाटेनासे झाले आहे. याला कारण गेम करणाऱ्यांचा आळस नव्हे. भिंत फोडावयाची म्हणजे तिचे तुकडे करावे लागतात. प्रत्येक तुकड्याला वजन, वेग, दिशा द्यावी लागते. तो दुसऱ्या तुकड्यावर आपटला तर पुढे काय हे ठरवावे लागते. आणि हे सारे गणित सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने मांडावे लागते, कारण पडद्यावरील चित्र तितक्या वेळा बदलत असते. शंभर तुकड्यांचे एकवेळ जमेल. आख्ख्या शहराचे कसे जमावे?

तरीही प्रयत्न झाले, आणि ते क्लाउडच्या आधी झाले. २००१ साली आलेल्या ‘रेड फॅक्शन’ या गेममध्ये खडकात आणि भिंतीत स्फोट करून बोगदा पाडता येत असे. २००९ साली याच मालिकेत ‘रेड फॅक्शन : गरिला’ आला. कथा मंगळावरची, नायकाच्या हातात घण. नायकाचे आडनाव मेसन, म्हणजे गवंडी! या योगायोगाचे मला भारी कौतुक वाटले, कारण माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि सुट्टीत वडिलांबरोबर साइटवर घमेली वाहणाराही मीच. तेव्हा इमारत कशी उभी राहते आणि कशी पडते यावर आमच्या घरी थोडेफार बोलणे होत असते.

या गेमचे चित्रीकरण मी वडिलांना मोबाइलवर दाखवले. त्यात खांब तोडल्यावर वरचा मजला लगेच धाडकन् पडत नाही. आधी करकरतो, मग एका अंगाला कलतो, आणि मग खाली बसतो. वडिलांनी दोनदा पाहिले आणि म्हणाले, “ह्यानं भार धरलाय.” खरोखरच त्या गेममध्ये कोणत्या खांबावर किती भार आहे याचा हिशेब चालू असतो. तो इतका चोख होता म्हणे, की गेम तयार करताना चित्रकारांनी नुसत्या देखण्या म्हणून उभारलेल्या इमारती स्वतःच्याच वजनाने कोसळू लागल्या आणि त्यांना घर बांधण्याचे साधे नियम शिकावे लागले. नंतर मी ‘टीअरडाउन’ दाखवला. तो २०२० साली प्रथम आला आणि २०२२ साली पूर्ण झाला. स्वीडनमधील एका छोट्या गटाने केला. त्यात सारे जग बारीक चौकोनी ठोकळ्यांचे आहे आणि त्यातले जवळजवळ सर्व काही फोडता येते. पण तेथे चारही भिंती कापून एक ठोकळा शिल्लक ठेवला तरी वरचे घर त्या एका ठोकळ्यावर तोलून उभे राहते. वडील म्हणाले, “हे कशावर उभं हाय?” मोठमोठ्या समीक्षकांनी पानेच्या पाने खर्चून लिहिलेले परीक्षण याहून वेगळे काय सांगते? (गेम मात्र मला फार आवडतो, हेही येथे नोंदवतो.)

सांगावयाचे ते हे की ‘गरिला’ ज्या एक्सबॉक्स ३६० यंत्रावर चालत असे त्याची स्मृती होती अवघी ५१२ मेगाबाइट. आज आपल्यापैकी कोणाच्याही खिशातील स्वस्त फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट स्मृती असते. एवढ्याशा यंत्राने, कोणाचीही मदत न घेता, घरातल्या घरात इमारती पाडून दाखवल्या होत्या. नंतर जेव्हा ‘इमारती पाडण्यासाठी क्लाउड लागेल’ असे सांगण्यात आले, तेव्हा ज्यांनी २००९ साली घण चालवला होता त्यांनी भुवया उंचावल्या, तर त्यांचे काय चुकले?

आता वचनाकडे येऊ. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ हे नवे यंत्र जाहीर केले आणि त्याच्या पाठीशी तीन लाख सर्व्हर उभे राहतील असे सांगितले. यंत्र घरात छोटे, पण त्याची शक्ती ढगात, असा एकंदर सूर. याच यंत्राविषयी पुढच्याच महिन्यात दुसरी गोष्ट स्पष्ट झाली : ते चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडले गेले नाही, तर त्यावर गेम चालणार नाहीत. विकत घेतलेले यंत्र, विकत घेतलेली तबकडी, पण दररोज हजेरी लावावयाची ती कंपनीकडे! ओरड इतकी झाली की १९ जून २०१३ रोजी ही अट मागे घेण्यात आली. अट गेली, पण मनातली शंका कशी जाईल? ‘ढगाची शक्ती’ आणि ‘रोजची हजेरी’ या दोन गोष्टी लोकांनी एकाच वेळी ऐकल्या होत्या. त्यांची सांगड त्यांनी घातली नसती तरच नवल.

त्यातून दुधाने तोंड पोळलेले ताजे होते. मार्च २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा गेम आला. तो एकट्याने खेळावयाचा असला तरी इंटरनेट सक्तीचे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेल्या लोकांना आपल्याच शहराच्या वेशीबाहेर ताटकळावे लागले. खुलासा असा आला की शहराचे बरेचसे गणित सर्व्हरवर होते, त्यामुळे जोडणीविना खेळ चालणे शक्य नाही. थोड्याच दिवसांत एका हुशार खेळणाऱ्याने कार्यक्रमात फेरफार करून दाखवून दिले की जोडणी तोडली तरी शहर आपले चालतच राहते. आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीनेच जोडणीविना खेळण्याची सोय करून दिली. एक वर्षापूर्वी जे अशक्य होते ते शक्य झाले ते कसे, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

अशा हवेत जून २०१४ मध्ये ‘क्रॅकडाउन’ मालिकेचा नवा भाग जाहीर झाला, जो पुढे ‘क्रॅकडाउन ३’ म्हणून ओळखला गेला. मूळ ‘क्रॅकडाउन’ २००७ सालचा, स्कॉटलंडमधील डंडी गावी झालेला. ऑगस्ट २०१५ मध्ये जर्मनीतील गेम्सकॉम या मेळाव्यात नव्या भागाचे प्रात्यक्षिक झाले. ते चित्रीकरण आजही पाहता येते, आणि खरे सांगतो, ते पाहून छाती दडपते. गगनचुंबी इमारतीला भोके पडतात, मजले निखळतात, एक मनोरा कलंडून दुसऱ्यावर आदळतो. आणि त्या क्षणी किती सर्व्हर मदतीला धावले आहेत हेही पडद्यावर दाखवले जाते. एका घरगुती यंत्राच्या आवाक्याबाहेरचे हे काम आहे हे पटवण्यासाठी आणखी काय हवे होते?

शंकेखोरांना आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. या दोन्ही गोष्टी मी भौतिकशास्त्राच्या एका मित्राबरोबर कागदावर मांडून पाहिल्या आहेत, त्यामुळे थोडी आकडेमोड सहन करावी.

पहिली गोष्ट वेळेची. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे १६ मिलिसेकंद. ढग ढग म्हणतात तो आकाशात नसतो. तो जमिनीवरच्या इमारतींत, यंत्रांच्या कपाटांत असतो. याच मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली. केंद्र पुण्यात असले तर पुणेकराचे भले. पण समजा मुंबईच्या खेळणाऱ्याचे केंद्र सिंगापूरला आहे. अंतर सुमारे चार हजार किलोमीटर, जाऊन-येऊन आठ हजार. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या प्रवासाला चाळीस मिलिसेकंद, आणि तेही तार सरळ रेषेत टाकली आहे व वाटेत कोठेही थांबा नाही असे धरून! तोवर पडद्यावर दोन चित्रे होऊन तिसरे सुरू झालेले असते. हा वेग निसर्गाने ठरवून दिला आहे. कोणत्याही कंपनीच्या अध्यक्षाला तो वाढवता येत नाही.

दुसरी गोष्ट ओझ्याची. ढगाने गणित केले, ठीक. पण उत्तर घरी कळवावयास नको काय? एक तुकडा कोठे आहे हे सांगण्यास तीन आकडे आणि तो कसा वळला आहे हे सांगण्यास चार, असे सात आकडे. प्रत्येकी चार बाइट धरले तर २८ बाइट. तुकडे दहा हजार धरा आणि सेकंदाला तीस वेळा कळवा : ८४ लाख बाइट, म्हणजे सुमारे ६७ मेगाबिट, प्रत्येक सेकंदाला. अर्थात असे भाबडेपणाने कोणी पाठवत नाही. जो तुकडा हलला नाही त्याची खबर द्यावी लागत नाही, आकडे दाबून लहान करता येतात, बारीकसारीक धूळ-खडी घरचे यंत्रच आपल्या मनाने उडवू शकते. हे सारे मान्य. पण मग प्रश्न असा पडतो की इतकी काटछाट केल्यावर ढगाने नेमके किती केले? आणि मेळाव्याच्या सभागृहातील जोडणी व खेळणाऱ्याच्या घरातील जोडणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे तर शाळकरी मुलालाही कळते. खेळणाऱ्यांनी एवढेच म्हटले होते की आमच्या घरी, आमच्या तारेवर दाखवा. या मागणीत अज्ञान कोठे आहे?

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. गेम २०१६ मध्ये येणार होता, मग २०१७, मग २०१८. ज्या क्लाउडजिन नावाच्या कंपनीचे तंत्र या पाडापाडीच्या मुळाशी होते ती जानेवारी २०१८ मध्ये एपिक गेम्सने विकत घेतली. अखेर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘क्रॅकडाउन ३’ आला. त्याच्या मुख्य कथेतील शहर भक्कम निघाले! तेथे इमारती पडत नाहीत. पाडापाडी होती ती ‘रेकिंग झोन’ नावाच्या वेगळ्या विभागात, पाच विरुद्ध पाच अशा सामन्यांसाठी. आणि सुरुवातीला त्यात मित्रांची टोळी करून शिरण्याचीही सोय नव्हती. जे पडत होते ते ढगाच्याच साहाय्याने पडत होते, हे मान्य केले पाहिजे. वचन अगदीच खोटे नव्हते. पण पाच वर्षांपूर्वी आख्खे शहर दाखवून अखेर एक आखाडा हाती ठेवला, याला वचन पाळणे म्हणत नाहीत. माझ्या मते यात तंत्राइतकीच रचनेचीही अडचण असावी. खेळणारा पहिल्या तासातच शहर भुईसपाट करणार असेल, तर पुढची कथा कोणत्या छपराखाली घडावयाची? या प्रश्नाचे उत्तर तीन लाख सर्व्हरही देऊ शकत नाहीत. ते लेखकाला द्यावे लागते.

एवढ्यावर थांबलो तर शंकेखोरांची आरती ओवाळल्यासारखे होईल. त्यांच्यातही दोन तट होते. ‘दाखवा, मग मानू’ म्हणणारा एक, आणि ‘हे कधीच होणार नाही’ म्हणणारा दुसरा. दुसरा तट हरला. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओजचा ‘द फायनल्स’ आला. त्यात छत कोसळते, भिंती फुटतात, आख्खी इमारत खचते, आणि या पडझडीचा निर्णय सर्व्हरच करतो. वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर मी तो खेळलो आहे. माझ्या पायांखालची जमीन विरुद्ध संघाने खालच्या मजल्यावरून उडवली आणि मी त्यांच्याच मधोमध येऊन पडलो. अपमान झाला, पण मजा आली.

हा गेम खेळताना मला एक गोष्ट उमगली, जी त्या साऱ्या गाजावाजात कोणी नीट सांगितली नव्हती. अनेक जण एकत्र खेळत असतील तर भिंत पडली की नाही याबद्दल सर्वांचे एकमत हवे. माझ्या पडद्यावर भिंत पडली आणि तुमच्या पडद्यावर उभी राहिली, तर माझी गोळी तुम्हांला लागली की नाही? कबड्डीत रेषेला पाय लागला की नाही हे दोन्ही संघ आपापले ठरवू लागले तर डोकी फुटतील. तेथे पंच लागतो. सर्व्हर हा असा पंच आहे. त्याची गरज खरी आहे, प्रामाणिक आहे, आणि ती समजावून सांगितली असती तर कोणीही मान्य केली असती. पण ‘आम्ही तुमच्यासाठी पंच नेमत आहोत’ या वाक्यात जाहिरातीचा झगमगाट नाही. त्यापेक्षा ‘तुमच्या यंत्राला आम्ही अनेक पटींनी बलवान करू’ हे ऐकण्यास गोड. आणि एकट्याने खेळणाऱ्याला पंच कशाला? त्याच्याही घरी तो पाठवावयाचा, तर त्यामागे दुसरा हेतू असावा, अशी शंका येणारच.

हा हेतू कोणता, याविषयी बोलणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भिंत फोडण्याचे गणित ज्याच्या घरात, भिंत त्याची. सर्व्हरला वीज लागते, थंडावा लागतो, माणसे लागतात. गेम एकदाच विकला जातो आणि खर्च दर महिन्याला येतो. खेळणारे कमी झाले की कोणीतरी वहीत दोन आकडे मांडून कळ फिरवणार. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम २०१४ सालचा. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो रोख पैसे देऊन घेतला होता त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि तिच्या युरोपातील नागरिक-अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. २०१३ साली जे लोक किरकिरे ठरले होते त्यांचाच प्रश्न या दहा लाखांनी विचारला आहे.

आपल्याकडे याची चव निराळ्या कारणाने कळली. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस भारतातील खेळ पूर्ण थांबला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण आमच्या आळीतील मुले, जी दोन वर्षे त्यात आपले नाव कमावत होती, ती एका दिवसात रिकाम्या हातांनी उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले. जे गेले ते त्यांच्या फोनमध्ये कधी नव्हतेच.

आणि गेम कधीही न खेळलेल्या माणसालाही ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द ठाऊक आहेत. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी मी तालुक्याच्या गावी तीन दिवस खेपा घातल्या. वडिलांनी विचारले, “हा सर्व्हर कोण? त्याला जाऊन भेटता येत नाही का?” मी हसलो नाही. त्यांच्या धंद्यात भिंत वाकडी आली तर ओळंबा लावून दाखवता येते आणि कोणी बांधली हेही सांगता येते.

ज्या मित्राने मला आकडेमोडीत मदत केली तो अजूनही ढगाचा कैवारी आहे. त्याचे म्हणणे, दहा वर्षांत तारा सुधारतील, केंद्रे जवळ येतील, आणि तुझी आकडेमोड रद्दी होईल. होईलही. मी त्याच्याशी त्यावर भांडत नाही. मला फक्त एवढे हवे आहे की गेमच्या वेष्टनावर, किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत दोन ओळी छापल्या जाव्यात : यातील कोणता भाग जोडणीविना चालतो, आणि सर्व्हर किमान कोणत्या तारखेपर्यंत चालू ठेवला जाईल. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून निदान एवढे सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले आहे की ग्राहक वस्तू विकत घेत नसून वापरण्याचा परवाना घेत आहे. तारखेची ओळ त्यात नाही. मित्र म्हणतो, तारीख छापली तर कोणी विकत घेणार नाही.